चुलीचा शास्त्रज्ञ : काउंट रम्फर्ड

शालेय पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत काउंट रम्फर्ड याचें नांव बहुधा एकदांच येतें. म्यूनिच येथील तोफांच्या कारखान्यांत तोफेला छिद्र पाडीत असतां धातु इतका तापला कीं, त्याभोंवतालचें पाणी विस्तवावांचून उकळलें, आणि त्यावरून उष्णता ही एखादी वस्तु नसून गतीचें रूप आहे असें अनुमान त्यानें काढलें, एवढी हकीकत वाचून विद्यार्थी पुढच्या धड्याकडे वळतो. परंतु ज्या गृहस्थानें हा प्रयोग केला, त्याच्या आयुष्याचीं उत्तम वर्षें तोफांपाशीं गेलीं नाहींत. तीं स्वयंपाकघरांत, चुलीपाशीं व धुरांड्याखालीं गेलीं. थोडक्या सरपणांत अधिक काम कसें करून घ्यावें, हा त्याचा जन्माचा ध्यास होता. आज पृथ्वीचें हवामान तापत चाललें आहे. अशा वेळीं खोलींतून बाहेर पडतांना एक दिवा मालवला, किंवा गॅसची ज्योत बारीक केली, तर त्यानें जगाचें काय होणार, असा प्रश्न मुलें घरीं विचारतात, आणि वडील माणसें कधीं हसून तर कधीं रागावून तो टाळतात. प्रश्न टाळण्याजोगा नाहीं. त्याचा विचार करूं इच्छिणारांस या मनुष्याचें चरित्र उपयोगी पडेल, म्हणून तें येथें सांगण्याचें योजिलें आहे. चरित्रनायक सर्व बाबतींत अनुकरणीय होता, असें मात्र कोणीं समजूं नये.

त्याचें मूळ नांव बेंजामिन टॉमसन. २६ मार्च १७५३ रोजीं उत्तर अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स वसाहतींत, वोबर्न नांवाच्या गांवीं, एका शेतकऱ्याच्या घरीं तो जन्मला. त्या काळीं या वसाहतींवर इंग्लंडच्या राजाचें राज्य होतें. तो तान्हा असतांनाच बाप वारला, आईनें पुढें दुसरा विवाह केला, व तेराव्या वर्षीं त्याला सेलम गांवच्या एका दुकानदाराकडे उमेदवारीस ठेवण्यांत आलें. गिऱ्हाइकांपेक्षां त्याचें लक्ष यंत्रांकडे व शोभेच्या दारूकडे अधिक असे. एकदां ही दारू तयार करतांना भडका होऊन तो चांगलाच भाजला. पुढें आपल्या एका मित्रासह वोबर्नहून पायीं केंब्रिजला जाऊन हार्वर्ड कॉलेजांतील शास्त्रविषयक व्याख्यानें तो ऐकत असे. त्याचें वरिष्ठ शिक्षण म्हणावयाचें तें एवढेंच.

एकोणिसाव्या वर्षीं तो न्यू हॅम्पशायरमधील काँकॉर्ड येथें शाळामास्तर झाला. या गांवाचें जुनें नांव रम्फर्ड. तेथें त्याहून बऱ्याच वडील अशा एका धनाढ्य विधवेशीं १७७२ सालीं त्याचा विवाह झाला, व पोरगेला मास्तर एकदम जमीनदार बनला. उंच बांधा, देखणा चेहरा आणि वरिष्ठांस खूष करण्याची हातोटी, या भांडवलावर त्यानें गव्हर्नराची मर्जी संपादून सैन्यांत मेजरची जागाहि मिळविली. इतक्यांत वसाहतींत स्वातंत्र्याची चळवळ पेटली. टॉमसन राजपक्षाचा आहे अशी शंका येऊन संतप्त जमाव त्याच्या घरावर चालून आला. परंतु तो आधींच निसटला होता. ही शंका खोटी नव्हती. अदृश्य शाईनें लिहून त्यानें ब्रिटिश सेनापतीला गुप्त बातम्या पुरविल्याचें विसाव्या शतकांत त्या सेनापतीच्या दप्तरावरून सिद्ध झालें. १७७६ सालीं ब्रिटिश सैन्यानें बोस्टन सोडलें, तेव्हां तोहि इंग्लंडला गेला. बायको व १७७४ सालीं जन्मलेली मुलगी सॅरा मागेंच राहिलीं. त्या पतिपत्नींची पुन्हां भेट झाली नाहीं, आणि मुलीला बापाच्या भेटीसाठीं १७९६ सालापर्यंत वाट पाहावी लागली. पुढें परक्यांच्या चुलींची इतकी काळजी वाहणाऱ्या या मनुष्यानें स्वतःच्या घरची चूल अशी सोडली, हें सांगितल्यावांचून पुढें जाणें योग्य नव्हे.

लंडनमध्यें वसाहतमंत्र्याच्या कचेरींत तो झपाट्यानें वर चढला. त्याच वेळीं बंदुकीच्या दारूवर त्यानें प्रयोग केले, व १७७९ सालीं रॉयल सोसायटीनें त्याला सभासद करून घेतलें. युद्ध संपल्यावर तो युरोपांत नशीब काढण्यास निघाला. १७८४ सालीं इंग्लंडच्या राजाकडून सर ही पदवी घेऊन तो जर्मनींतील बव्हेरिया राज्याचा अधिपति कार्ल थिओडोर याच्या नोकरींत शिरला, आणि सैन्य, पोलीस व दरबार यांचा कारभार हळूहळू त्याच्या हातीं आला.

येथून त्याच्या खऱ्या कार्यास आरंभ होतो. शिपायांस ऊबदार कपडे थोड्या खर्चांत कसे द्यावे, हा पहिला प्रश्न होता. लोंकर, कापूस, रेशीम, पिसें, केसाळ कातडें अशा नाना पदार्थांत उष्णतामापक गुंडाळून तो किती वेळांत निवतो हें त्यानें पाहिलें, व असें ठरविलें कीं, ऊब मुख्यतः धाग्यांत नसून धाग्यांच्या जाळ्यांत अडकून पडलेल्या हवेंत असते. मोकळी हवा फिरते व उष्णता वाहून नेते. कोंडलेली हवा तिला धरून ठेवते. या शोधांबद्दल रॉयल सोसायटीनें १७९२ सालीं त्याला कोप्ले पदक दिलें. थंड देशांत आज घरांच्या भिंतींत व पोटमाळ्यांत काचतंतूंचे किंवा फेंसाचे थर भरून जळण वांचवितात, त्याच्या मुळाशीं हेंच तत्त्व आहे.

दुसरा प्रश्न भिकाऱ्यांचा होता. म्यूनिच शहराची वस्ती त्या वेळीं सुमारें साठ हजार. त्यांत अडीच हजारांहून अधिक भिकारी होते. १ जानेवारी १७९० रोजीं, म्हणजे दानधर्माच्या दिवशीं, ते सारे रस्त्यांवर लोटले असतां टॉमसननें शिपाई व शहराचे अधिकारी बरोबर घेऊन त्यांस पकडलें. पहिला भिकारी त्यानें स्वतः धरला. त्यांस तुरुंगांत मात्र टाकलें नाहीं. नांवें टिपून घेऊन सांगितलें कीं, उद्यां उद्योगगृहांत या, तेथें उबदार खोल्या, रोज गरम जेवण व करण्यास काम मिळेल. दुसऱ्या दिवशीं लोक आले. सैन्याचे कपडे तयार करण्यासाठीं सूत कातणें, विणणें, शिवणें हीं कामें त्यांस देण्यांत आलीं. लहान मुलांवर एकदम सक्ती केली नाहीं. त्यांस उंच बाकांवर स्वस्थ बसवून दुसऱ्या मुलांचें काम नुसतें पाहावयास लावीत, आणि कांहीं वेळांतच तीं आम्हांसहि काम द्या म्हणून विनवूं लागत. ही युक्ति बालमनाच्या जाणकाराची खरी. तथापि मुलांचें बालपण चरख्याला जुंपण्यांत आज कोणीहि भूषण मानणार नाहीं.

हजार माणसांना रोज जेवूं घालावयाचें, तर खर्च दोन गोष्टींचा : धान्याचा आणि सरपणाचा. सातू, वाटाणे, बटाटे, शिळ्या पावाचे तुकडे, मीठ, शिरका व भरपूर पाणी यांचें मंद आंचेवर पुष्कळ वेळ शिजविलेलें दाट सार, हें त्याच्या उद्योगगृहाचें प्रसिद्ध अन्न. बटाट्याविषयीं लोकांचा इतका तिटकारा होता कीं, सुरवातीस ते गुप्तपणें शिजवून सारांत विरघळवावे लागले.

सरपणाच्या बाबतींत त्यानें जें केलें तें अधिक महत्त्वाचें आहे. त्या काळीं युरोपांतील स्वयंपाक मोकळ्या विस्तवावर होत असे. भांडें ज्वाळांवर टांगलेलें. ज्वाळांची बहुतेक उष्णता भांड्याच्या बाजूनें निसटून धुरांड्यांत किंवा आचाऱ्याच्या तोंडावर जाणार. टॉमसननें विटांचा ओटा बांधून त्यांत भांड्याच्या मापाचीं भोंकें ठेविलीं व भांडीं त्यांत कांठापर्यंत उतरविलीं. प्रत्येक भांड्याखालीं त्याचा निराळा, लहान, चोहोंकडून बंद असा विस्तव; खालीं जाळी, जाळीखालीं राखेचें दार, व तें दार कमीजास्त उघडून हवा हवी तेवढीच आंत सोडावयाची. निखाऱ्यांचा तप्त धूर भांड्याच्या भोंवतीं फिरून मगच बाहेर पडे. आपल्याकडील गृहिणी चुलीच्या वैलावर दुसरें भांडें ठेवून जी काटकसर करीत आल्या, तीच दृष्टि येथें मोजमापानें व हिशेबानें कामास लागली होती.

त्याची एक सूचना तर प्रत्येक स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखी आहे. पाणी एकदां उकळूं लागलें म्हणजे त्याखालीं कितीहि प्रखर जाळ केला तरी तें अधिक तापत नाहीं. वरची सारी उष्णता वाफ होऊन उडून जाते, व अन्न रतिभरहि लवकर शिजत नाहीं. साध्या तपमानाचें पाणी उकळीपर्यंत आणण्यास जितकी उष्णता लागते, तिच्या सहापटींहून अधिक उष्णता तेंच पाणी आटवून टाकण्यास लागते. तेव्हां उघड्या पातेल्याखालीं खळखळ जाळ ठेवणारा मनुष्य अन्न शिजवीत नसून वाफ तयार करीत असतो. झांकण ठेवावें, आणि उकळी येतांच आंच उतरवावी, हें त्याचें सांगणें. मंद आंचेचा आणखी एक धडा त्याला योगायोगानें मिळाला. बटाटे सुकविण्याच्या यंत्रांत मांसाचा एक तुकडा ठेवून पाहतां तो लवकर शिजेना, म्हणून आशा सोडून तसाच ठेविला. रात्रभर यंत्रांतील शिल्लक उष्णतेंत तो सकाळपर्यंत उत्तम शिजून मऊ झाला होता.

दिवाबत्तीचाहि त्यानें असाच हिशेब घातला. दोन दिव्यांपासून पडणाऱ्या सावल्यांचा काळेपणा ताडून कोणत्या दिव्याचा उजेड किती, हें मोजणारें साधन त्यानें बनविलें, आणि अमुक तेलांत अमुक उजेड, अशीं कोष्टकें तयार केलीं. पैसा तेलाला द्यावयाचा नसून उजेडाला द्यावयाचा असतो, ही गोष्ट त्याच्या काळीं फार थोड्यांच्या ध्यानांत आली होती.

या सेवेबद्दल त्याला काउंट ही पदवी मिळाली, तेव्हां त्यानें तिला जोडण्यास नांव निवडलें तें रम्फर्ड. ज्या गांवाहून तो पळाला होता त्याचें. यांत पश्चात्ताप होता कीं अभिमान, हें त्याचें त्यालाच ठाऊक. पत्नी १७९२ सालीं वारली.

१७९५ सालीं तो लंडनला आला. तेथें घरोघर बैठकीच्या खोलींत भिंतींतील मोठ्या शेगडीवर कोळसा जळत असे. या शेगड्या खोलीपेक्षां आकाशालाच अधिक ऊब देत. शिवाय धूर उलटून खोलींत येई. रम्फर्डनें धुरांड्याचा गळा आवळून सुमारें चार इंचांवर आणला, शेगडीची पाठ पुढें ओढून अरुंद केली, व दोन्ही बाजूंच्या भिंती पाठीशीं १३५ अंशांचा कोन होईल अशा तिरप्या करून त्यांस पांढरा हात दिला. त्यामुळें उष्णतेचे किरण खोलींत फेंकले जाऊं लागले, आणि धूर मुकाट्यानें वर जाऊं लागला. काम एवढें सोपें कीं, साधा गवंडी चार विटा घेऊन तें करूं शके. १७९६ सालीं त्यानें या विषयावर निबंध छापला, आणि रम्फर्ड शेगडीचें वेडच लंडनला लागलें. त्यानें स्वतःच्या देखरेखीखालीं शेंकडों शेगड्या सुधारल्या. जेन ऑस्टिन हिच्या एका कादंबरींतील नायिका जुन्या मठांत भव्य शेगडी पाहण्याच्या आशेनें जाते व तेथें आटोपशीर रम्फर्ड शेगडी पाहून हिरमुसते, इतकी ही गोष्ट सर्वांच्या परिचयाची झाली होती. आपल्या कोणत्याहि युक्तीचें पेटंट त्यानें घेतलें नाहीं. कोणीहि पाहावें व करावें.

लंडनवर सदोदित तरंगणारा धुराचा काळा ढग पाहून तो हळहळत असे, कारण त्याच्या दृष्टीनें तो ढग म्हणजे न जळलेला कोळसाच होता. लोकांनीं पैसे मोजून घेतलेलें धन डोक्यावर उडत चाललेलें. येथें त्याची दृष्टि जेथें थांबली, तेथून आपल्यास पुढें पाहावयाचें आहे. काजळी म्हणजे अर्धवट जळणें. ती चांगल्या शेगडीनें दूर होते. परंतु कोळसा पूर्णपणें व निर्धूम जळला तरी एक वस्तु उरतेच, आणि ती दिसत नाहीं. १२ भार कर्ब जळला म्हणजे ४४ भार कर्बाम्ल वायु तयार होतो. आजचे विद्यार्थी यालाच कार्बन डायऑक्साइड म्हणतात. शुद्ध कर्ब एक किलोग्रॅम जाळला, तर हा वायु साडेतीन किलोग्रॅमांहून अधिक निघतो. कोणत्याहि आकाराच्या शेगडीनें त्याचा हा हिशेब चुकत नाहीं. तो कमी करण्याचा चुलीपाशीं एकच मार्ग आहे : जाळावयाचेंच कमी. रम्फर्डची काटकसर पैशासाठीं व गरिबांसाठीं होती. हवेसाठीं नव्हती, कारण हवेला कांहीं होऊं शकतें हें त्या काळीं कोणाच्या स्वप्नींहि नव्हतें.

तोफेचा सुप्रसिद्ध प्रयोग त्यानें १७९८ सालीं रॉयल सोसायटीपुढें मांडला. घोड्यांनीं फिरविलेल्या बोथट सामत्यानें तोफेचें लोखंड व पितळ नव्हे, तर तोफेच्या धातूचा एक ठोकळा घासला जात होता, आणि त्याभोंवतीं पेटींत ठेविलेलें थंड पाणी अडीच तासांनीं उकळूं लागलें. पाहणारे थक्क झाले. हिशेबी रम्फर्डनें मात्र तेथल्या तेथें नमूद केलें कीं, ही स्वयंपाकाची रीत परवडणारी नाहीं. घोड्यांचा चारा सरळ चुलींत जाळला तर याहून अधिक उष्णता मिळेल.

पुढील भाग थोडक्यांत सांगतां येईल. १७९९ सालीं त्याच्या पुढाकारानें लंडनमध्यें रॉयल इन्स्टिट्यूशन ही संस्था स्थापन झाली. उपयुक्त शास्त्र सामान्य लोकांपर्यंत, कारागिरांपर्यंत नेणें हा तिचा मूळ उद्देश. हंफ्री डेव्ही या तरुणास १८०१ सालीं त्यानेंच तेथें आणलें. परंतु त्याचा स्वभाव हुकमी, आणि दुसऱ्याचें मत ऐकून घेण्याची संवय नाहीं; चालकांशीं बिनसलें व तो संस्थेला रामराम ठोकून पॅरिसला गेला. तेथें १८०५ सालीं त्यानें सुप्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए याच्या विधवेशीं विवाह केला. उष्णता ही एक वस्तु आहे असें लाव्हाझिएचें मत होतें. तें खोडून काढणारा मनुष्य त्याच्याच घरीं नांदावयास आला, हा योग मोठा विलक्षण! संसार मात्र झाला नाहीं. बाईनें पाहुणे बोलाविले असतां यानें फाटकाला कुलूप घालावें, आणि तिनें याच्या आवडत्या फुलझाडांवर आधण ओतावें, अशा गोष्टी त्यानें मुलीला लिहिलेल्या पत्रावरून कळतात. उकळत्या पाण्याचा हा उपयोग त्याच्या निबंधांत नव्हता. १८०९ सालीं दोघें विभक्त झालीं. २१ ऑगस्ट १८१४ रोजीं पॅरिसजवळ ओतय येथें तो वारला. फ्रेंच पंडित क्युव्हिए यानें मृत्युलेखांत त्याच्याविषयीं असें म्हटलें कीं, यानें मानवजातीची सेवा केली ती तिच्यावर प्रेम न करतां व तिच्याविषयीं आदर न बाळगतां. असें असलें तरी म्यूनिचच्या भिकाऱ्यास सार गरम मिळालें होतें, हेंहि तितकेंच खरें.

रम्फर्डनें स्थापिलेल्या त्या संस्थेंतच पुढची गोष्ट घडली. १८५६ सालीं अमेरिकेंत युनिस फूट या बाईनें, कर्बाम्ल वायूनें भरलेली नळी उन्हांत इतर नळ्यांपेक्षां अधिक तापते हें दाखविलें होतें. १८५९ सालीं रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें जॉन टिंडल यानें निरनिराळ्या वायूंतून उष्णतेचे किरण सोडून मापें घेतलीं. हवेचे मुख्य घटक या किरणांस अडवीत नाहींत. पाण्याची वाफ व कर्बाम्ल वायु मात्र त्यांस शोषून घेतात. याचा अर्थ पृथ्वीभोंवतीं या वायूंचें एक पांघरूण आहे. १८९६ सालीं स्वीडनच्या आऱ्हेनियस यानें कर्बाम्ल वायु दुप्पट झाल्यास पृथ्वी किती तापेल याचें गणित केलें. रम्फर्ड जन्मला तेव्हां हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारें २८० भाग होते. २०२४ सालीं ते ४२० हून अधिक झाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या मानानें २०११ ते २०२० या दशकांत पृथ्वीच्या पृष्ठभागाचें सरासरी तपमान सुमारें १.१ अंशानें चढलेलें होतें.

आतां मूळ प्रश्न. घरोघर काटकसर झाली म्हणजे हें थांबेल काय? याला सर्वांत कठोर उत्तर १८६५ सालीं विल्यम स्टॅन्ले जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानें दिलें. त्याचें म्हणणें असें कीं, वॅटच्या एंजिनानें त्याच कामास कोळसा कमी लागूं लागला, त्यामुळें वाफेची शक्ति स्वस्त झाली. स्वस्त झाली म्हणून शंभर नव्या कामांस लावली गेली. आणि अखेर कोळशाचा एकूण खप वाढला. ब्रिटनमध्यें १८०० सालच्या सुमारास एक ते दीड कोटी टन कोळसा निघत असे. १९१३ सालीं तो २८ कोटी ७० लाख टन निघाला. या आंकड्यांपुढें रम्फर्डच्या शेगड्या कोठल्या कोठें वाहून गेल्या. जेव्हन्सचें नांव घेऊन पुष्कळ विद्वान् आज काटकसरीची थट्टा करतात.

पण हे विद्वान् त्याचें पुस्तक बहुधा शेवटपर्यंत वाचीत नसावेत. आपलें हें विधान कारखान्यांच्या कोळशाविषयीं आहे, घरगुती कोळशाविषयीं नाहीं, असें जेव्हन्सनेंच त्यांत बजावलें आहे. घरीं वांचविलेला कोळसा बहुतांशीं पुढच्या पिढ्यांसाठीं शिल्लक राहील, हें त्याला मान्य होतें. मात्र घरगुती खप हा एकूण खपाचा सुमारें तिसरा हिस्सा, तेव्हां बचत त्या हिश्श्यापुरतीच, असें तो पुढें म्हणतो. हा भेद रम्फर्डच्या चरित्रांतहि स्पष्ट दिसतो. म्यूनिचच्या उद्योगगृहांत जेवणारीं तोंडें मोजलेलीं होतीं. चूल सुधारली म्हणून कोणी दोनदां जेवला नाहीं. सरपण वांचलें तें वांचलेंच. याच्या उलट, स्वस्त झालेली शक्ति विकून जेथें नफा करावयाचा आहे, तेथें बचत हें नव्या खर्चाचें बीज होतें. घरांतहि थोडा भाग असा परत खर्च होतो. कमी वीज खाणारा दिवा आणला, मग तो रात्रभर जळत ठेविला, हें आपण पाहतोंच. या परत खर्च झालेल्या भागाला सरसकट नांवें ठेवणेंहि बरोबर नाहीं. आपल्या देशांत २०१५ सालापासून सरकारी योजनेंतून ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वांटले गेले. ९ वॅटचा असा दिवा ६० वॅटच्या जुन्या दिव्याएवढा उजेड देतो. ज्या घरांत पूर्वीं अंधार होता तेथें त्या बचतीच्या जोरावर एक दिवा अधिक लागला असेल, तर तो कोणीं मालवूं नये.

उरलेल्या दोन हिश्श्यांचें काय, याचें उत्तर चुलीपाशीं सांपडत नाहीं; तेथें जळणच बदलावें लागतें. जेव्हन्सच्या त्याच ब्रिटनमध्यें कोळशावर चालणारें शेवटचें वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजीं बंद झालें. कोळशाची जागा प्रथम नैसर्गिक वायूनें आणि मग पुष्कळ अंशीं वाऱ्याच्या विजेनें घेतली. आणि २००५ नंतर तेथें विजेची एकूण मागणीहि उतरत गेली, तिच्या कारणांत घरांतील दिवे व यंत्रें कमी वीज खाणारीं झालीं हेंहि एक होतें. मागणी उतरल्यामुळें जुनें केंद्र बंद करणें सोपें गेलें. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक शास्त्रज्ञमंडळाच्या २०२२ सालच्या अहवालानें असें मांडलें कीं, वापर करणाऱ्यांच्या बाजूनें जेवढे उपाय आहेत ते सारे योजिले, तर २०५० पर्यंत त्या त्या क्षेत्रांतील उत्सर्ग अपेक्षेपेक्षां ४० ते ७० टक्क्यांनीं कमी करतां येईल. या उपायांत घरें बांधण्याची रीत, सार्वजनिक वाहनें व यंत्रांची निवड हींहि येतात. एकट्या मुलानें दिवा मालवून हा आंकडा गांठतां येणार नाहीं. तथापि मालवलेल्या दिव्याची वीज त्या क्षणापुरती कोठेंतरी कमी निर्माण करावी लागते, आणि तितका वायु हवेंत जात नाहीं, हें साधें गणित आहे. तो वायु एकदां गेला कीं त्याचा कांहीं भाग शतकानुशतकें तेथेंच राहतो, म्हणून लहान बचतीलाहि येथें व्याज चढत जातें.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. १७९६ सालीं रम्फर्डनें एक हजार पौंड रॉयल सोसायटीच्या स्वाधीन केले, व त्यांच्या व्याजांतून उष्णता व प्रकाश यांविषयीं महत्त्वाचे शोध लावणारास पदक द्यावें असें ठरवून दिलें. पहिलें पदक खुद्द रम्फर्डलाच मिळालें, आणि त्यानें तें संकोच न करतां घेतलें. १८४६ सालीं तें फॅरेडेला मिळालें. १८६४ सालीं तें जॉन टिंडल याला, वायूंतून जाणाऱ्या उष्णतेवरील त्याच्या संशोधनाबद्दल, देण्यांत आलें.